गर्दी एकट्यांची नसते

दिवाळीच्या आधीच्या रविवारी पुण्याच्या लक्ष्मी रोडवर किंवा कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर कडेला उभं राहून डोकी मोजली तर आकडा मिळेल, पण तिथे नेमकं काय चाललंय ते कळणार नाही. त्यासाठी कोण कोणाबरोबर आलंय ते पाहावं लागतं. आई आणि तिची दोन मुलं. कॉलेजातल्या तिघी मैत्रिणी. नवरा-बायको, नवऱ्याच्या हातात पिशव्या. सासरे भराभर पुढे गेलेले, सासूबाई गुडघ्यांमुळे मागे राहिलेल्या, आणि कोणाला धरून चालावं या पेचात मधे अडकलेली सून. अशा रस्त्यावर एकटा माणूस शोधावा लागतो.

फ्रान्समधल्या तुलूझ शहरात मेहदी मुसाईद, डिर्क हेल्बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्याने जाणारे सुमारे दीड हजार गट बारकाईने तपासले. त्यांचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. बाजाराच्या दिवशी रस्त्यावरच्या 100 माणसांपैकी 70 पर्यंत माणसं कोणाच्या ना कोणाच्या सोबतीने चालत होती. इथे गट म्हणजे मोर्चा नव्हे. ओळखीची, एकत्र निघालेली आणि एकत्रच पोचायचं असलेली दोन, तीन, चार माणसं. त्याच्याही बऱ्याच आधी, 1950 च्या दशकात, अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जॉन जेम्स यांनी सार्वजनिक ठिकाणी आपसूक जमणारे असे गट मोजले होते. त्यांना सगळ्यांत जास्त दोघांचे गट सापडले, त्याहून कमी तिघांचे, चौघांचे आणखी कमी, आणि पाच किंवा त्याहून मोठे अगदी विरळ. गर्दीचा मोठा भाग हा असा दोघा-तिघांचा बनलेला असतो.

हे इतकं उघड आहे की त्यात शास्त्र काय असं वाटेल. पण माणसांच्या गर्दीचं गणित करणाऱ्यांनी बराच काळ याकडे लक्षच दिलं नव्हतं.

एकेकट्याचं गणित

1995 मध्ये हेल्बिंग आणि पीटर मोल्नार यांनी पायी चालणाऱ्यांचं एक प्रारूप, म्हणजे गणिती मॉडेल, मांडलं. त्याची कल्पना साधी आणि सुंदर आहे. प्रत्येक माणसाला कुठेतरी जायचं असतं आणि त्याचा स्वतःचा एक सोयीचा वेग असतो; निवांत असताना तो बहुतेकांचा ताशी साडेचार-पाच किलोमीटर भरतो. समोरून कोणी आलं, बाजूला भिंत आली, की तो त्यांच्यापासून थोडा दूर सरकतो. जायच्या ठिकाणाची ओढ आणि इतरांपासून अंतर राखण्याची धडपड, या दोन्हींची बेरीज केली की पुढचं पाऊल कुठे पडेल ते काढता येतं.

एवढ्याशा नियमांतून संगणकावर जे उमटलं ते चकित करणारं होतं. दोन्ही बाजूंनी लोक येत असले की थोड्या वेळात आपोआप रांगा पडतात, जाणाऱ्यांची एक, येणाऱ्यांची एक. कोणी सांगत नाही, कोणी दोरी बांधत नाही. समोरच्याला चुकवताना जो एकदा कोणाच्या तरी पाठीमागे लागला, त्याला तिथे अडथळा कमी होतो, म्हणून तो तिथेच राहतो. रेल्वेच्या पुलावर संध्याकाळी हे रोज घडतं.

पण या गणितात माणसं पोत्यातून सांडलेल्या हरभऱ्यांसारखी होती, प्रत्येक दाणा सुटा. त्यांच्यात एकमेकांना टाळणं होतं, एकमेकांना धरून राहणं नव्हतं. मुलाचा हात सुटू नये म्हणून वेग कमी करणारी आई त्यात बसत नव्हती, आणि बोलता बोलता सगळी वाट अडवून चालणाऱ्या तिघी मैत्रिणीही नव्हत्या. तुलूझच्या अभ्यासाने नेमकी ही उणीव भरून काढली.

ओळ, मग व्ही, मग रांग

रस्ता मोकळा असेल तर गट आडव्या ओळीत चालतो. दोघं असोत की तिघं, खांद्याला खांदा. मागून येणाऱ्याची चिडचिड होते, पण चालणाऱ्यांच्या दृष्टीने ही सगळ्यांत सोयीची मांडणी असते, कारण प्रत्येकाला दुसऱ्याचं तोंड दिसतं आणि आवाज ऐकू येतो.

दाटी थोडी वाढली की आडव्या ओळीला जागा पुरत नाही. मग तिघांतला मधला किंचित मागे राहतो आणि कडेचे दोघं थोडे पुढे जाऊन एकमेकांच्या जवळ येतात. वरून पाहिलं तर इंग्रजी व्ही अक्षर दिसतं, ज्याचं टोक मागे आहे आणि तोंड पुढे उघडं आहे. चौघं असतील तर तसाच यू होतो.

आकाशात स्थलांतर करणारे हंस, बदकं हेसुद्धा व्हीमध्ये उडतात, पण त्यांचं टोक पुढे असतं. पुढचा पक्षी हवा कापतो, मागच्यांचे कष्ट वाचतात. माणसांच्या गर्दीतही टोक पुढे ठेवणं जास्त फायद्याचं ठरलं असतं. एकाने वाट काढली असती आणि मागचे दोघं त्या फटीतून सहज निघाले असते. आपण नेमकं उलटं करतो. उघडं तोंड पुढे ठेवून चालतो, म्हणजे समोरून येणारा माणूस सरळ आपल्यामधे शिरतो.

का? कारण टोक पुढे ठेवलं तर पुढच्याला मागचे दोघं दिसत नाहीत. बोलायचं तर त्याला मान पूर्ण मागे वळवावी लागेल, आणि मान वळवून चालणं त्रासाचं असतं. मधला मागे राहिला की तिघांनाही जेमतेम मान वळवून एकमेकांचे चेहरे दिसतात. मुसाईद यांच्या प्रारूपात हाच नियम घातला आहे: प्रत्येकाला सोबत्यांना नजरेच्या टप्प्यात ठेवायचं असतं, त्यासाठी मान जितकी जास्त वळवावी लागते तितका तो वेग कमी करून मागे येतो. या नियमाचा जोर वाढवला की संगणकावर माणसांचा व्ही आपोआप तयार होतो. नियम काढून टाकला, म्हणजे गप्पा बंद केल्या, की गट टोक पुढे करून चालायला लागतो.

हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं. आपल्या पायांची मांडणी आपलं बोलणं ठरवतं. लवकर पोचण्याची सोय आणि चेहरा दिसण्याची सोय यांत निवड करायची वेळ आली, की माणूस पहिली सोडतो आणि दुसरी धरून ठेवतो, तेही मनाशी काही न ठरवता.

दाटी आणखी वाढली की व्हीसुद्धा टिकत नाही. मग गट एकामागे एक लागतो आणि इथे गप्पा थांबतात. भाजी मंडईतल्या अरुंद बोळात शिरताना बोलणं अर्धवट सुटतं आणि बाहेर पडल्यावर "हां, तर काय सांगत होते," असं म्हणून पुन्हा सुरू होतं, ते यामुळे. पाच-सहा जणांचा गट मात्र मोकळ्या रस्त्यावरसुद्धा एका ओळीत राहत नाही. इटलीत केलेल्या निरीक्षणांतही हेच दिसलं: मोठे गट दोन-दोन, तीन-तीनचे तुकडे पाडून चालतात. एका वेळी एका संभाषणात जितके जण नीट सामील होऊ शकतात, साधारण तितक्यांचाच तुकडा टिकतो. सहलीला निघालेलं आठ जणांचं कुटुंब पाहा. त्यात कोण कोणाशी बोलतंय ते ओळखायला ऐकायची गरज नाही, मागून चालण्यावरूनच कळतं.

गटाने चालण्याची किंमत

गट जितका मोठा, तितका तो हळू. कारण मोजायला सोपं आहे. गटाचा वेग हा त्यातल्या माणसांच्या वेगांची सरासरी नसतो, तो सगळ्यांत हळू माणसाच्या जवळ जाऊन बसतो. आजीला गुडघेदुखी असेल तर पूर्ण कुटुंबाला त्या दिवशी गुडघेदुखी असते. त्यात बोलण्यासाठीची ती मांडणी, तिला लागणारी जास्तीची रुंदी, आणि मागून येणाऱ्यांना वळसा घालावा लागणं. तुलूझच्या संशोधकांनी त्यांच्या प्रारूपात गट असलेली आणि गट नसलेली गर्दी शेजारी ठेवून पाहिली, तर गटांमुळे वाहतुकीची कार्यक्षमता 17 टक्क्यांच्या आसपास घटलेली निघाली. एवढा फरक फक्त माणसं एकमेकांबरोबर आहेत म्हणून.

सोबत कोणाची आहे यावरही चाल बदलते. जपानमध्ये ओसाकात फ्रान्चेस्को झानलुंगो आणि ताकायुकी कांदा यांच्या चमूने दोघांच्या जोड्यांचा माग काढून पाहिला. एकत्र काम करणारे सहकारी जास्त अंतर ठेवून आणि जास्त वेगाने चालतात. प्रेमातली जोडपी अगदी जवळून, सरळ शेजारी-शेजारी आणि सावकाश चालतात. घरच्या माणसांची जोडी मित्रांइतकी शेजारी-शेजारी राहत नाही, थोडी पुढेमागे होते. अमेरिकेतल्या सिॲटलमधल्या एका छोट्या प्रयोगात असं दिसलं की प्रेयसी किंवा बायको बरोबर असेल तर पुरुष आपला वेग सुमारे 7 टक्क्यांनी कमी करून तिच्या वेगाशी जुळवून घेतो. नुसती मैत्रीण असेल तर एवढं करत नाही. आपल्याकडे मागच्या पिढीतली जोडपी पाहिली तर पुरुष चार पावलं पुढे आणि बाई मागे अशी मांडणी अजूनही दिसते. ती काही शरीराच्या गरजेतून आलेली नाही. चालण्यात नातं तर दिसतंच, नात्यातला अधिकारही दिसतो.

आता हे आपल्या पदपथावर आणू. पदपथावर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी असावी असं रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. दोन माणसं बोलत शेजारी-शेजारी चालतात तेव्हा त्यांच्या मध्यांतलं अंतर साधारण पाऊण मीटर असतं. दोन्ही बाहेरच्या खांद्यांपर्यंत धरलं तर जोडीला सव्वा मीटरच्या आसपास जागा लागते. म्हणजे पूर्ण 1.8 मीटर मिळाले तरी समोरून येणारा एकटा माणूस कसाबसा अंग चोरून निघेल. समोरून दुसरी जोडी आली तर अडीच मीटर हवेत आणि तेवढे नाहीत, त्यामुळे एका जोडीला मोडून एकामागे एक व्हावंच लागेल. आणि आपल्या शहरांत 1.8 मीटर तरी सलग कुठे मिळतात? मधे विजेचा डीपी, झाडाचा कठडा, उभी दुचाकी, वडापावची गाडी. हात धरलेल्या लहान मुलाला मागे सोडणं शक्य नसतं, म्हणून आई त्याला घेऊन डांबरी रस्त्यावर उतरते. तिला वाहतुकीची शिस्त नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी हे गणित करून पाहावं. पदपथ एकट्या माणसासाठी आखलेला असतो आणि त्यावर चालतं कुटुंब.

भारतीयांच्या चालण्याबद्दल एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. उज्ज्वल चट्टराज, आर्मिन सेफ्रीड आणि आयआयटी कानपूरचे पार्थ चक्रवर्ती यांनी भारतात आणि जर्मनीत सारख्याच मापाच्या अरुंद वाटेवर लोकांना एकामागे एक चालायला लावलं आणि दाटी वाढवत नेली. 2009 साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार जर्मन माणसं पुढच्यापासून जास्त अंतर ठेवत होती आणि दाटी वाढली की त्यांचा वेग लवकर पडत होता. भारतीयांना कमी अंतर चालत होतं, दाटीचा त्यांच्या वेगावर कमी परिणाम होत होता, आणि त्यांचं वरवर बेशिस्त दिसणारं चालणं प्रत्यक्षात जास्त परिणामकारक ठरलं. यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही असं मला वाटतं. परक्या माणसाच्या जवळ राहण्याची आपल्याला सवय आहे, म्हणजेच धोका वाढतोय हे अंगाला उशिरा जाणवण्याचीही शक्यता आहे. शिवाय परदेशातले दाटीचे आकडे उचलून इथले जिने आणि पूल आखता येत नाहीत, हेही यातून निघतं.

दिंडी

दोघा-तिघांचा गट बोलण्याने एकत्र राहतो. मग शंभर-दोनशे माणसांना लाखोंच्या गर्दीत दोनशे-अडीचशे किलोमीटर एकत्र कशाने ठेवायचं? महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर प्रयोगशाळेबाहेर शोधलं गेलं आणि पिढ्यान्‌पिढ्या आषाढात वापरून पारखलं गेलं.

वारीला जाणारी माणसं सुटी चालत नाहीत, दिंडीत चालतात. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या रथापुढे 27 मानाच्या दिंड्या असतात आणि रथामागे दोनशेहून अधिक. प्रत्येकीला क्रमांक आणि ठरलेली जागा. दिंडीच्या आतही मांडणी असते: पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, त्यांच्यात मृदंग, वीणेकरी, आणि मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. आजच्या स्वरूपातल्या या सोहळ्याची घडी एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी बसवली.

गर्दीच्या शास्त्राच्या नजरेने याकडे पाहिलं तर एकेक गोष्ट उलगडत जाते. मोठा गट बोलण्यावर टिकत नाही, त्याचे तुकडे पडतात. दिंडीत बोलण्याची जागा अभंग घेतो. शेजाऱ्याचं तोंड दिसण्याची गरज उरत नाही, टाळ ऐकू आला की पुरे. आणि आवाज गर्दीतून वाट काढतो, नजर काढू शकत नाही. त्यामुळे दाटी झाली आणि माणसाला ओळीत पुढेमागे व्हावं लागलं, तरी तो गटाबाहेर पडत नाही. टाळाच्या ठेक्याने वेगही सारखा राहतो. शेजारी चालणाऱ्या दोघांची पावलं नकळत एकमेकांशी जुळतात, हात धरला असेल तर अधिकच, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. दिंडीत ते काम ठेका करतो, शिवाय ते एकाच वेळी शंभर जणांसाठी करतो. मागे पडलेल्याला पताका लांबून दिसते. चुकलेल्याला दिंडी क्रमांक सांगता आला की बाकी काही सांगावं लागत नाही, आणि ठरलेल्या क्रमामुळे ती दिंडी रथाच्या पुढे आहे की मागे, किती अंतरावर, हेही लगेच कळतं.

मुक्कामी पोचल्यावर समाज आरती होते. त्या वेळच्या पद्धतीचं मला फार अप्रूप वाटतं. चोपदार दंड उंच करून "होऽऽ" अशी हाळी देतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी मात्र टाळ वाजवत राहते. एवढ्या शांततेत तो एकच आवाज कुठून येतोय ते लगेच कळतं. चोपदार तिथे जातात, म्हणणं ऐकून घेतात, मग टाळ थांबतात. हरवलेल्या-सापडलेल्या गोष्टींची माहितीही तेव्हाच सांगितली जाते. लाखोंच्या जमावात एका गटाचं म्हणणं मध्यापर्यंत पोचवण्याची याहून कमी खर्चाची व्यवस्था मला माहीत नाही. यात दाद मागणारा एकटा माणूस नसतो, दिंडी असते. जमावाला चालवायचं तर त्यातल्या गटांशी बोलायचं, हे वारीने कधीच ओळखलं होतं.

दिवे घाटात पुण्याहून सासवडकडे चढताना हीच मांडणी कामाला येते. चढ दमवणारा, वळणं भरपूर, बघ्यांचीही गर्दी. तरी दिंडीची ओळ हलते तेव्हा पूर्ण हलते आणि थांबते तेव्हा पूर्ण थांबते. मोठ्या गर्दीतला धोका अनेकदा मागचे चालत असतात आणि पुढचे थांबलेले असतात, तेव्हा सुरू होतो. दिंड्यादिंड्यांमधलं अंतर हा धक्का तिथल्या तिथे जिरवून टाकतं.

जिथे गट सोडत नाही

एक चौरस मीटर जागेत चार माणसं असतील तर गर्दी नकोशी होते, पण आपल्या मर्जीने पाय टाकता येतो. सहा-सात झाली की मर्जी संपते. शरीरं सगळ्या बाजूंनी चिकटतात आणि मागच्या धक्क्याची लाट पुढच्यांपर्यंत जाते. 12 जानेवारी 2006 रोजी मक्केजवळच्या मिना इथे हज यात्रेत चेंगराचेंगरीत साडेतीनशेच्या आसपास यात्रेकरू दगावले. त्या दिवसाच्या चित्रफिती हेल्बिंग आणि सहकाऱ्यांनी तपासल्या, तेव्हा त्यांना आधी थांबत-थांबत सरकणाऱ्या लाटा दिसल्या आणि मग सगळ्या दिशांना माणसं फेकली जाणारी उलथापालथ. अशा ठिकाणी बहुतेकजण उभ्याउभ्या छाती दाबली जाऊन, श्वास घेता न आल्याने मरतात. त्यांना कोणी जाणूनबुजून तुडवलेलं नसतं.

या घटनांनंतर "लोक घाबरून सैरावैरा पळाले" असं ठरीव वाक्य छापून येतं. अभ्यास वेगळं सांगतात. 2 ऑगस्ट 1973 रोजी आइल ऑफ मॅन बेटावरच्या समरलँड या करमणूक केंद्राला आग लागून 50 माणसं गेली. त्यातून वाचलेल्यांच्या हकिगतींचा अभ्यास जोनाथन साइम यांनी केला. कुटुंबं एकत्र होती ती एकत्रच बाहेर पडायला बघत होती. ज्यांची मुलं इमारतीत दुसरीकडे होती ते आईबाप आधी मुलांकडे गेले. माणूस दाराकडे जाण्याआधी आपल्या माणसाकडे जातो. लंडनमध्ये 7 जुलै 2005 रोजी झालेल्या बॉम्बस्फोटांतून वाचलेल्यांशी जॉन ड्रुरी आणि सहकाऱ्यांनी बोलून पाहिलं, तर तिथे अनोळखी लोकही एकमेकांना धरून होते, पाणी देत होते, धीर देत होते.

म्हणजे सुटकेच्या वेळी गट वाईट की चांगला? दोन्ही. आपलं माणूस मागे राहिलं म्हणून प्रवाहाच्या उलट दिशेला वळणारा माणूस अरुंद जिन्यावर सगळ्यांसाठी धोका होतो. पण जर्मनीत शाळकरी मुलांना घेऊन केलेल्या प्रयोगांत गटाने बाहेर पडणारी मुलं दारापाशी आपोआप एकामागे एक लागली आणि मोठे गट असलेल्या फेऱ्यांत खोली लवकर रिकामी झाली. एकत्र असलेला गट मदत करतो, ताटातूट झालेला गट अडतो. म्हणून ताटातूट होऊ न देणं हे सुरक्षेचं काम आहे. गेटवर बाया आणि पुरुषांच्या रांगा वेगळ्या करून पुढे एकाच चिंचोळ्या वाटेत सोडलं, की दोन्हीकडची माणसं तिथेच थांबून एकमेकांना शोधणार. त्यांना "थांबू नका" म्हणून ओरडण्याने काही होत नाही.

मुंबईत 29 सप्टेंबर 2017 रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या पुलाच्या जिन्यावर चेंगरून 23 जण दगावले. ती सकाळी कामावर निघालेल्यांची गर्दी होती, आणि तशी गर्दी बरीचशी एकेकट्यांची असते. 25 जानेवारी 2005 रोजी वाईजवळ मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत अडीचशेहून जास्त भाविक दगावले, ती गर्दी वेगळी होती. यात्रेला सहसा कोणी एकटं जात नाही. नारळ, ओटी, लेकरू, म्हातारी आई, सगळं घेऊन माणसं डोंगर चढतात. तेवढ्याच रुंदीच्या वाटेवरून ऑफिसची गर्दी जितकी सरकते तितकी यात्रेची सरकणार नाही, आणि बंदोबस्ताचा हिशेब दोन्हीकडे एकच धरणं चूक आहे.

आपल्या हातात असलेल्या काही गोष्टी अगदी साध्या आहेत, पण त्या घरून निघताना ठरवाव्या लागतात. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधीच ठरवा, आणि ती जागा गर्दीच्या मुखापासून लांबची असू द्या. हे ठरलेलं असेल तर उलटं फिरून शोधत बसायची गरज उरत नाही. लहान मुलाच्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी ठेवा. खांदे दोन्ही बाजूंनी परक्यांना लागायला लागले, की पुढे काय आहे ते न बघता सगळ्यांनी मिळून कडेला व्हा, दर्शन उद्याही होईल. त्यातूनही दाटीत सापडलात तर हात छातीसमोर धरून श्वासाला जागा राखा, धक्क्याच्या विरुद्ध जोर लावू नका, लाट ओसरली की तिरकं सरकत कडेकडे या, आणि मुलाला खाली ठेवू नका. खाली पडलेली वस्तू उचलायला वाकू नका.

प्रयागच्या माघ मेळ्यात आणि कुंभात 1946 पासून राजाराम तिवारी यांनी "भूले भटके शिबिर" चालवलं आणि हरवलेल्या हजारो माणसांची त्यांच्या घरच्यांशी गाठ घालून दिली. अशा केंद्राकडे आपण दयेचं काम म्हणून पाहतो. ते गर्दीच्या नियोजनाचंही काम आहे, कारण तिथल्या भोंग्यावर नाव ऐकू आलेला माणूस घाटाच्या पायऱ्यांवर उलटा चढत राहत नाही. नाशिकला 27 ऑगस्ट 2003 रोजी सिंहस्थात चेंगराचेंगरीत 39 भाविक दगावले होते, आणि आता 2027 च्या पर्वण्या तोंडावर आहेत. ही केंद्रं घाटापासून दूर, परतीच्या वाटेवर, लांबून दिसतील अशा उंच खुणेखाली हवीत. येणारी आणि जाणारी वाट वेगळी हवी. आणि रामकुंडाकडे येणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर गर्दी अजून विरळ असताना स्वयंसेवकांनी डोक्यांबरोबर गटही मोजावेत: दोघांचे किती, चौघांचे किती, कडेवर मूल किंवा हाताशी म्हातारं माणूस असलेले किती. कॅमेऱ्यात दिसणाऱ्या आकड्याला ही जोड मिळाली, तर कोणती वाट किती वेगाने सरकेल आणि कुठे तुंबेल, याचा अंदाज पर्वणीच्या आदल्या संध्याकाळीच बांधता येईल.